जठराच्या कर्करोगात मार्करवरून आयुष्य किती कळतं? घाटंजी तालुक्यातून आलेल्या प्रश्नाला उत्तर

भाऊ, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. वडील ५८ वर्षांचे, घाटंजी तालुक्यात कोरडवाहू कापूस-तुरीची शेती. दिवाळीपासून जेवण कमी झालं, चार घास खाल्ले की पोट भरायचं, शौचाला काळी व्हायची. यवतमाळला दुर्बीण टाकली तेव्हा जठराच्या खालच्या भागात मोठा व्रण दिसला. तुकड्याच्या तपासणीत ॲडिनोकार्सिनोमा, म्हणजे ग्रंथींच्या पेशींचा कर्करोग, निघाला; त्यात काही सिग्नेट रिंग (अंगठीसारख्या दिसणाऱ्या) पेशी आहेत. सीटी स्कॅनमध्ये जठराची भिंत जाड, शेजारच्या काही लसीका गाठी वाढलेल्या, यकृत आणि फुप्फुसं स्वच्छ. हिमोग्लोबिन ७.४, रक्तातलं प्रथिन अल्ब्युमिन २.८, पांढऱ्या पेशी ९,२००, त्यांत न्यूट्रोफिल ७८ टक्के आणि लिम्फोसाइट १३ टक्के. सीईए (रक्तातला एक मार्कर) ११. हर-टू ‘२ प्लस’. चार महिन्यांत वजन ६१ वरून ५२ किलोवर आलं. आता कुणीतरी शेकडो जीन्स एकदम तपासणारी महागडी चाचणी सुचवली आहे आणि तिच्यासाठी दोन एकर गहाण टाकायचं घरात चाललं आहे. तुम्ही विचारता : या सगळ्या मार्करवरून बाबा किती दिवसांचे सोबती, तेवढं सांगून द्या, आणि ती चाचणी करावी का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण त्यावर जमीन टांगलेली आहे. आज ती चाचणी करू नका. तिच्यातून जे काही जास्तीचं निघेल त्यानं बाबांच्या उपचाराची पुढची पायरी बदलणार नाही. पुढची पायरी ठरवायला ज्या तपासण्या लागतात त्या वेगळ्या आहेत, बऱ्याच स्वस्त आहेत, आणि त्यांतल्या दोन अजून झालेल्याच नाहीत. त्यांच्याकडे खाली येतोच.

मार्कर म्हणजे रक्तात किंवा गाठीत मोजता येणारी खूण. हा शब्द लोक सरसकट वापरतात, पण त्यात दोन जाती आहेत. काही मार्कर फक्त भाकीत करतात : या रुग्णाचा आजार पुढं कसा जाईल, साधारण किती काळ. काही मार्कर औषध निवडतात : अमुक औषध याला लागू पडेल की नाही. पहिली जात हवामानाच्या अंदाजासारखी, दुसरी मातीपरीक्षणासारखी. अंदाज ऐकून पाऊस बदलत नाही. माती तपासली तर कोणतं खत टाकायचं ते कळतं. काही मार्कर दोन्ही कामं करतात आणि तिथंच घोटाळा होतो. कर्करोगाचे रुग्ण बघत वर्धा-नागपूरच्या पट्ट्यात माझी बरीच वर्षं गेली, आणि पैसे वाया गेलेले जे दिसले ते बहुतेक याच घोटाळ्यामुळे : भाकिताच्या तपासणीवर औषधाच्या आशेनं खर्च केलेला.

आता तुमच्या कागदांकडे येऊ. तुम्ही ज्या आकड्यांकडे दुर्लक्ष केलंय त्यांपासूनच सुरुवात करतो, कारण मला सगळ्यांत जास्त काळजी त्यांचीच वाटली. साधा रक्ततपास. न्यूट्रोफिल ७८ आणि लिम्फोसाइट १३, म्हणजे दोन्हींचं गुणोत्तर ६. शरीरात जळजळ, सूज जितकी जास्त तितके न्यूट्रोफिल वाढतात; गाठीशी लढणारे लिम्फोसाइट मात्र घटतात. जठराच्या कर्करोगात हे गुणोत्तर चढं असलं की आयुर्मान कमी राहतं, हे जपान, कोरिया, चीन, युरोप सगळीकडच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. सीमारेषा प्रत्येकानं वेगळी धरली, बहुधा २ ते ५ च्या दरम्यान. ६ म्हणजे त्या सगळ्यांच्या वर.

दुसरा हिशेब जपानी शल्यचिकित्सक ओनोदेरा यांनी १९८४ साली मांडला. अल्ब्युमिनला १० नं गुणायचं, लिम्फोसाइटच्या प्रत्यक्ष संख्येला ०.००५ नं, आणि दोन्हींची बेरीज करायची. बाबांचे लिम्फोसाइट ९,२०० चे १३ टक्के, म्हणजे सुमारे १,२००. बेरीज येते ३४. ओनोदेरांनी ४० च्या खाली असलेल्या रुग्णांत जठर कापून आतडं जोडण्याची शस्त्रक्रिया टाळावी असं म्हटलं होतं, कारण जोडलेला टाका सुटण्याचा धोका. आजची भूल आणि शस्त्रक्रिया तेव्हापेक्षा पुष्कळ सुधारली, तरी ३४ हा आकडा आजही धोक्याचाच आहे. वजन पंधरा टक्क्यांच्या आसपास घटलंय, ते याच गोष्टीची दुसरी साक्ष.

शरीरातली जळजळ मोजणारी सीआरपी नावाची एक स्वस्त तपासणी तुमच्या कागदांत नाही, ती करून घ्या. सीआरपी लिटरला १० मिलिग्रॅमच्या वर आणि अल्ब्युमिन ३.५ च्या खाली, अशी जोडी जमली तर सुधारित ग्लासगो मोजपट्टीवर सर्वांत वाईट गुण मिळतात. अनेक कर्करोगांत ही मोजपट्टी आयुर्मानाचा अंदाज बऱ्यापैकी देते.

हे सगळे भाकिताचे मार्कर. पण यांचं एक वैशिष्ट्य आहे, आणि मी सगळ्यांत जास्त भर यावर देतो : यांतला काही भाग आपल्या हातात असतो. जीन बदलता येत नाही, पोषण सुधारता येतं. युरोपातल्या पोषणतज्ज्ञांच्या संस्थेची स्पष्ट सूचना आहे की सहा महिन्यांत दहा-पंधरा टक्क्यांहून जास्त वजन घटलेल्या किंवा अल्ब्युमिन ३ च्या खाली असलेल्या रुग्णाला मोठ्या शस्त्रक्रियेआधी सात ते चौदा दिवस पोषण द्यावं, त्यासाठी शस्त्रक्रिया पुढं ढकलावी लागली तरी चालेल. बाबा दोन्ही अटींत बसतात. ५२ किलोच्या माणसाला दिवसाला ६५ ते ७५ ग्रॅम प्रथिनं हवीत. घरात जे आहे त्यातून हे जमतं : अंडी, दूध, दही, घट्ट वरण, शेंगदाण्याचा कूट, सोयाबीनचं पीठ, दर दोन तासांनी थोडं थोडं. तिखट रस्सा आणि भाकरीचं पोटभर ताट त्यांना आता पेलणार नाही, त्यांना आग्रह करून बसवू नका. खाल्लेलं संध्याकाळी तसंच उलटून पडत असेल तर जठराचं तोंड गाठीनं बंद होत आलंय असं समजा. मग नाकातून अडथळ्याच्या पुढं आतड्यात नळी घालून पोषण द्यावं लागतं. नळी बघून घरचे घाबरतात, ‘आता शेवटचं आलं’ असं म्हणतात. खरं तर ती शस्त्रक्रियेपर्यंत सुखरूप पोचवणारी वाट आहे.

आणि अल्ब्युमिनच्या बाटल्या. कुठं तरी कुणी तरी तुम्हाला सांगेल की अल्ब्युमिन कमी आहे, चार बाटल्या आणा. बाटलीनं रिपोर्टातला आकडा काही दिवस वर जातो, रुग्णाचं भवितव्य त्यानं बदलत नाही. अल्ब्युमिन कमी होणं हे भूक आणि जळजळ या दोन्हींचं लक्षण आहे. लक्षण भरून काढलं म्हणजे कारण गेलं असं होत नाही. तेवढ्या पैशात महिनाभराचं दूध-अंडी आणि शिरेतून देण्याचं लोह येईल.

लोहाचा विषय निघाला तर आपल्या भागापुरती एक गोष्ट. विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार पुष्कळ आहे आणि अनेकांना आपण वाहक आहोत हे पन्नाशीपर्यंत माहीत नसतं. बाबांचं ७.४ हिमोग्लोबिन व्रणातून होणाऱ्या रक्तस्रावानं समजण्यासारखं आहे, तरी सिकलची सोल्युबिलिटी चाचणी आणि गरज पडली तर इलेक्ट्रोफोरेसिस एकदा होऊ द्या. प्रत्यक्ष आजार असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधी कळायलाच हवं. शिवाय अशा रुग्णाच्या पांढऱ्या पेशी एरवीही वाढलेल्या असतात, त्यामुळे वरचं गुणोत्तर त्याला तसंच्या तसं लावता येत नाही, आणि फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, बघितल्याशिवाय लोह देत सुटता येत नाही. परदेशातल्या जठराच्या कर्करोगाच्या मार्गदर्शिकांत ही ओळ सहसा मिळत नाही, म्हणून इथं लिहिली.

सीईए ११ बद्दल थोडक्यात. तुम्ही त्यावर सगळ्यांत जास्त अडकलात, पण ती तेवढी महत्त्वाची नाही. जठराच्या कर्करोगात सीईए थोड्याच रुग्णांत वाढते, बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांत कर्करोग नसतानाही वाढलेली असू शकते. चढी असली की आजार थोडा पुढं गेलेला असण्याची शक्यता जास्त, एवढंच. तिचा खरा उपयोग नंतर : शस्त्रक्रियेनंतर खाली आली आणि काही महिन्यांनी पुन्हा चढू लागली तर आपण सावध होतो. म्हणून आजचा आकडा जपून ठेवा. सीए १९-९ या दुसऱ्या रक्त-मार्करचंही तेच. तिची आणखी एक अडचण म्हणजे ज्यांच्या रक्तात लुईस प्रतिजन नसतं, अशा पाच ते दहा टक्के लोकांत ती तयारच होत नाही. गाठ कितीही मोठी असली तरी रिपोर्ट ‘नॉर्मल’.

आता हर-टू. हे एक प्रथिन आहे, गाठीच्या पेशीवर ते फार जास्त असलं तर ट्रास्टुझुमॅब नावाचं औषध काम करतं. रंगवलेल्या स्लाइडवर ० आणि १ प्लस म्हणजे नाही, ३ प्लस म्हणजे आहे, आणि २ प्लस म्हणजे सांगता येत नाही. तुम्ही २ प्लसला ‘थोडं आहे’ असं समजलात, तसं नाही. २ प्लसवर फिश नावाची पुढची तपासणी करावी लागते, तीत जीनच्या प्रती मोजतात आणि तेव्हाच हो किंवा नाही ठरतं. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या टोगा या अभ्यासात आजार पसरलेल्या रुग्णांना केमोसोबत ट्रास्टुझुमॅब दिल्यावर मध्यक आयुर्मान (निम्मे रुग्ण ज्या काळापर्यंत जिवंत होते तो) १३.८ महिने होतं, नुसत्या केमोवर ११.१. ज्यांच्यात हर-टू खरोखर ठासून होतं, म्हणजे ३ प्लस किंवा २ प्लससोबत फिश होकारार्थी, त्यांच्यात १६ विरुद्ध ११.८. भारतीय कंपन्यांची या औषधाची बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधासारखीच बनवलेली, आवृत्ती २०१४ पासून मिळते, त्यामुळे ते पूर्वीइतकं हाताबाहेरचं राहिलेलं नाही.

पण लक्षात घ्या, हे सगळे आकडे पसरलेल्या आजाराचे आहेत. शस्त्रक्रिया होऊ शकणाऱ्या रुग्णात ट्रास्टुझुमॅब ही अजून रुळलेली पद्धत नाही. म्हणून बाबांच्या बाबतीत फिशची आज घाई नाही. खाली सांगतो ती पोटाची तपासणी आजार पसरल्याचं दाखवेल तर मात्र त्याच दिवशी फिशला पाठवा.

ज्याची घाई आहे ती तपासणी तुमच्या रिपोर्टात नाहीच. एमएसआय. पेशी दुप्पट होताना डीएनएची नक्कल करते, चुका होतात, आणि त्या दुरुस्त करणारी प्रथिनं असतात. एमएलएच वन, एमएसएच टू, एमएसएच सिक्स आणि पीएमएस टू, ही चार त्यांतली मुख्य. यांतलं एखादं गाठीत नसेल तर ती गाठ एमएसआय-हाय. हे बघायला शेकडो जीन्स वाचायची गरज नाही. ज्या मेणाच्या ब्लॉकमधून हर-टू तपासलं त्याच ब्लॉकच्या चार पातळ पापुद्र्यांवर चार रंग चढवले की झालं. मोठ्या जीन चाचणीच्या तुलनेत खर्च अगदी किरकोळ.

हे का महत्त्वाचं? चार मोठ्या अभ्यासांतल्या १,५५६ शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांची माहिती एकत्र करून २०१९ साली जे विश्लेषण झालं त्यात १२१ जण एमएसआय-हाय निघाले. पाच वर्षांनी त्यांतले ७७.५ टक्के जिवंत होते, बाकीच्यांत ५९.३ टक्के. म्हणजे हा चांगल्या भाकिताचा मार्कर. पण त्याहून मोलाची गोष्ट पुढची : या गटाला जुन्या पद्धतीच्या केमोचा फायदा दिसला नाही. आणि फ्रान्समधल्या निओनिपिगा अभ्यासात अशाच रुग्णांना शस्त्रक्रियेआधी केमोऐवजी इम्युनोथेरपी (शरीराच्या प्रतिकारशक्तीला गाठीवर सोडणारी औषधं) दिली, तेव्हा शस्त्रक्रिया झालेल्या २९ पैकी १७ जणांच्या कापलेल्या जठरात गाठीची एकही जिवंत पेशी सापडली नाही. रुग्ण थोडे आहेत, मान्य. तरीही असा रिपोर्ट आला तर केमो सुरू करण्याआधी डॉक्टरांना बसून विचार करावाच लागतो. सिग्नेट पेशी असलेल्या गाठीत एमएसआय-हाय कमी वेळा सापडतं, त्यामुळे बाबांचा रिपोर्ट नकारात्मक येण्याची शक्यता जास्त आहे हे आधीच सांगतो. पण तपासणी स्वस्त आहे आणि उत्तरानं वाट बदलते, मग ती करायचीच.

पीडी-एल वन आणि क्लॉडिन १८.२ या गाठीतल्या प्रथिनांची नावं तुम्ही इंटरनेटवर वाचलीत. दोन्ही औषध निवडणारे मार्कर, दोन्हींचा मुख्य उपयोग पसरलेल्या आजारात. पीडी-एल वन किती आहे ते सांगणारा सीपीएस गुण ५ किंवा वर असेल तर केमोसोबत निवोलुमॅब दिल्यानं मध्यक आयुर्मान १४.४ महिने, नुसत्या केमोवर ११.१, हा २०२१ चा चेकमेट ६४९ अभ्यास. क्लॉडिन असलेल्यांत झोल्बेटुक्सिमॅबनं साधारण साडेपंधरा महिन्यांचे सव्वाअठरा झाले. शस्त्रक्रियेच्या रुग्णांत फ्लॉट या चार औषधांच्या केमोला दुरव्हालुमॅब जोडलं तर दोन वर्षं आजार न उलटता काढणारे ५८.५ टक्क्यांवरून ६७.४ टक्के झाले, हे २०२५ मध्ये पुढं आलं. ही औषधं खरी आहेत, फायदाही खरा आहे. पण घर विकून तीन महिन्यांचा खर्च निघतो आणि चौथ्या महिन्यात औषध थांबतं, असं होणार असेल तर सुरुवातच न करता ते पैसे शस्त्रक्रिया, केमो आणि पोषण या पूर्ण होणाऱ्या गोष्टींवर लावावेत असं माझं स्पष्ट मत आहे. रुग्णालयाचा धर्मादाय निधी, कंपनीची रुग्णसाहाय्य योजना, चालू असलेला एखादा अभ्यास यांतून मिळत असेल तर जरूर घ्या.

आता ज्याला मी या आजारातला सगळ्यांत बोलका मार्कर म्हणतो, त्याकडे. आजाराचा टप्पा. जठराच्या भिंतीत गाठ किती खोल गेली, किती लसीका गाठींत पोचली, पोटात पसरली का. कुठलाही जीन, कुठलंही रक्त या तिन्हींइतकं भाकीत करत नाही. आणि यांतला तिसरा प्रश्न सीटी स्कॅननं सुटत नाही. पोटाच्या आतल्या पडद्यावर मोहरीएवढे दाणे पसरलेले असले तरी स्कॅन स्वच्छ दिसू शकतो, आणि सिग्नेट पेशींच्या गाठीला नेमकी हीच खोड असते. म्हणून केमो सुरू करण्याआधी लॅपरोस्कोपी करायची : बेंबीजवळून दुर्बीण घालून पोट आतून बघायचं, थोडं सलाइन सोडून परत ओढायचं आणि त्या पाण्यात कर्करोगाच्या पेशी आहेत का ते तपासायचं. डोळ्यांना काही न दिसताही पाण्यात पेशी सापडल्या तर तो पसरलेला आजारच मानतात. हीच तुमच्याकडं न झालेली दुसरी तपासणी. तिच्या उत्तरावर सगळंच फिरतं : लगेच मोठी शस्त्रक्रिया करायची की नाही, फिश करायचं की नाही, आणि ‘किती दिवस’ या तुमच्या प्रश्नाचं उत्तरसुद्धा.

लॅपरोस्कोपी प्रत्येक ठिकाणी होत नाही. नागपूरचं राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय, जामठ्याची राष्ट्रीय कर्करोग संस्था, सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय, सावंगीचं रुग्णालय, नागपूरचं एम्स, यांतल्या जिथं जाल तिथं दोनच गोष्टी विचारा : केमोआधी लॅपरोस्कोपी करता का, आणि जठराची डी-टू शस्त्रक्रिया, म्हणजे जठरासोबत आसपासच्या लसीका गाठीही काढण्याची, इथं नियमित होते का. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाची शस्त्रक्रिया आणि केमो बसते. रेशनकार्ड आणि आधार घेऊन आरोग्यमित्राला, म्हणजे रुग्णालयातल्या योजनेच्या मदतनीसाला, पहिल्याच दिवशी भेटा. कोणती तपासणी योजनेत आहे आणि कोणती खिशातून, हे त्यांच्याकडूनच आधी विचारून घ्या.

जाताना ब्लॉक सोबत न्या. यावर थोडं जास्त लिहितो, कारण आपल्याकडं इथंच गाडी अडते. दुर्बिणीतून काढलेले तुकडे फॉर्मॅलिनमध्ये ठेवतात, मग मेणात बसवतात; नखाएवढा तो मेणाचा ठोकळा म्हणजे ब्लॉक. आज आणि पुढं निघणारी जवळपास प्रत्येक तपासणी त्यातूनच होते. तुकडे दहा टक्के बफर केलेल्या फॉर्मॅलिनमध्येच पडायला हवेत, किमान सहा तास आणि जास्तीत जास्त बहात्तर. कधी बाटलीत नुसतं सलाइन असतं, कधी शनिवारचा नमुना मंगळवारपर्यंत कपाटात राहतो, आणि मग हर-टू धड ना हो येत ना धड नाही. तुकडेही सहा ते आठ हवेत, कारण या गाठीत हर-टू ठिपक्याठिपक्यांनी असतं. दोनच तुकडे घेतले तर नेमका रिकामा ठिपका हाताला लागू शकतो. बाबांचे किती तुकडे घेतले ते रिपोर्टात लिहिलेलं असतं, बघा. दोन-तीनच असतील तर लॅपरोस्कोपीच्या वेळी पुन्हा दुर्बीण टाकून जास्त तुकडे घ्यायला सांगा.

ब्लॉक प्रयोगशाळेकडून लेखी अर्ज देऊन, पावती घेऊन मिळतो. तो तुमच्या वडिलांच्या शरीराचा भाग आहे, मागायला संकोच करू नका. छोट्या डबीत, कापसात गुंडाळून न्या. उन्हाळ्यात बंद गाडीच्या काचेपाशी ठेवू नका. हे मेण साधारण ५६ ते ६० अंशांना वितळतं आणि आपल्याकडच्या मे महिन्यात बंद गाडीत काचेजवळ तेवढं तापमान सहज होतं. कोऱ्या स्लाइड कापून आणण्यापेक्षा ब्लॉकच न्या, कारण कापलेल्या स्लाइड महिनोन्‌महिने पडून राहिल्या की रंग नीट धरत नाहीत.

आता पहिला प्रश्न. किती दिवस?

अभ्यासांतले ‘मध्यक आयुर्मान ५० महिने’ हे शब्द घरात वाचले की सगळे ५० महिने मोजायला लागतात. त्याचा अर्थ एवढाच की निम्मे रुग्ण त्या आधी गेले आणि निम्मे त्यानंतरही होते, काही तर पुष्कळ नंतरही. ५० हा आकडा २०१९ सालच्या जर्मनीतल्या फ्लॉट-४ अभ्यासाचा, ७१६ रुग्णांचा. जुन्या केमोवर तोच ३५ होता. कोरिया, चीन आणि तैवानमधल्या ‘क्लासिक’ नावाच्या अभ्यासात डी-टू शस्त्रक्रियेनंतर केमो मिळालेल्यांपैकी ७८ टक्के रुग्ण पाच वर्षांनी जिवंत होते, नुसत्या शस्त्रक्रियेवर ६९ टक्के. हे सगळे रुग्ण केमो झेलण्याइतके धडधाकट होते म्हणूनच त्या अभ्यासांत घेतले गेले. बाबा आज तितके नाहीत. म्हणून मी त्यांना आज त्या रांगेत उभं करत नाही, आणि रांगेबाहेरही काढत नाही. पोटातलं पाणी स्वच्छ निघालं, दोन-तीन आठवड्यांत वजन सावरलं, केमोचे चार डोस पूर्ण झाले आणि गाठ पूर्ण निघाली, तर आपण बरं करण्यासाठीच उपचार करतोय, आणि पाच वर्षांची गोष्ट करायला माझी जीभ अडखळणार नाही. पाण्यात पेशी निघाल्या तर बोलणं महिन्यांत करावं लागेल. वर दिलेल्या अभ्यासांत नुसत्या केमोवर मध्यक ११ महिन्यांच्या आसपास होतं, आणि तिथं हर-टू, पीडी-एल वन यांचं महत्त्व एकदम वाढतं. या दोन वाटांमधला फरक इतका मोठा आहे की त्याआधी सांगितलेला कुठलाही आकडा तुमच्या कामाचा नाही. जो कुणी नुसती सीईए बघून ‘सहा महिने’ म्हणाला असेल त्याचं मनावर घेऊ नका.

शस्त्रक्रिया झालीच तर नंतरच्या रिपोर्टात तीन ओळी शोधा. पहिली, किती लसीका गाठी तपासल्या आणि त्यांतल्या किती बाधित. किमान १६ तपासलेल्या असाव्यात. सहाच तपासल्या आणि सहाही स्वच्छ निघाल्या, तर त्या स्वच्छपणावर फार विसंबता येत नाही. पॅथॉलॉजिस्टना नमुन्यात आणखी गाठी शोधायची विनंती करता येते आणि ते करतातही. दुसरी, कापलेल्या कडा स्वच्छ आहेत का. तिसरी, केमोनं गाठ किती जळाली. या तीन ओळींतून निघणारं भाकीत आजच्या सगळ्या कागदांपेक्षा जास्त विश्वासाचं असेल. शस्त्रक्रियेनंतर रक्तात गाठीचे डीएनए तुकडे शोधणारी चाचणीही आता मिळते. ते सापडले तर आजार उलटण्याचा धोका बराच जास्त असतो, हे खरं. पण सापडल्यावर उपचार बदलून रुग्ण जास्त जगतात हे जठराच्या कर्करोगात अजून सिद्ध झालेलं नाही, म्हणून तिच्यासाठीही कर्ज काढू नका.

बाबांना आजार सांगितलेला नाही असं तुम्ही लिहिलंय. सांगा. केमोचे दिवस, नळीचं पोषण, खर्रा सोडणं, हे सगळं त्यांनाच करायचं आहे, आणि कशासाठी करतोय हे माहीत नसलेला माणूस दुसऱ्या डोसनंतर ‘मला घरी घेऊन चला’ म्हणतो. खर्रा मात्र आजच बंद. केमोत तोंड आलं की त्यावर चुना-तंबाखू म्हणजे जेवण पूर्ण बंद.

तुम्हा भावंडांसाठी एक. जठरात राहणाऱ्या हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं १९९४ सालीच पहिल्या वर्गाचं कर्ककारक ठरवलंय. कोरियात रुग्णांच्या सख्ख्या नातेवाइकांवर अभ्यास झाला. ज्यांना जंतू मारण्याचं औषध दिलं त्यांच्यात १.२ टक्के लोकांना पुढं हा कर्करोग झाला, ज्यांना दिलं नाही त्यांच्यात २.७ टक्क्यांना. शौचाची किंवा श्वासाची चाचणी करून घ्या आणि जंतू निघाला तर चौदा दिवसांचं औषध पूर्ण घ्या.

या आठवड्याचा क्रम असा ठेवा. सीआरपी, फेरिटिन आणि सिकलची चाचणी यवतमाळलाच. ब्लॉकसाठी अर्ज. आरोग्यमित्राची भेट. आहार आजपासून. मग मोठ्या रुग्णालयात ब्लॉकवर एमएसआयचे चार रंग आणि लॅपरोस्कोपी. दोन एकर आहेत तिथंच राहू द्या. पोट धुतलेल्या पाण्याचा रिपोर्ट हातात आला की बाबांच्या त्या दिवशीच्या वजनासकट मला पुन्हा लिहा.